गाल आणि गळा

लहानपणीची अंकलिपी आठवा. क कमळाचा, ख खडूचा, ग गणपतीचा. प्रत्येक अक्षराला त्याच्यापासूनच सुरू होणारा एक शब्द आणि शेजारी चित्र. दोन अक्षरांपाशी मात्र छापणाऱ्याची पंचाईत व्हायची. ण ला बाण मिळायचा आणि ळ ला बाळ किंवा नळ, म्हणजे ज्याच्या शेवटी ते अक्षर येतं असा शब्द. (ङ आणि ञ यांना तर चित्रच नसायचं, त्यांचं दुःख वेगळं.) मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द नाही. पहिल्याच कमळात तो गुपचूप बसलेला असतो, पण त्याच्या स्वतःच्या चौकटीपर्यंत पोचेस्तोवर अंकलिपी संपत आलेली असते.

असं का, हा प्रश्न मला शाळेत कधी पडला नाही. तो पडला नोकरीला लागल्यावर, आणि तोही माझ्याच एका बगमुळे.

काम साधं होतं. काही हजार माणसांची नावं रोमन लिपीत होती, ती देवनागरीत छापायची होती. मी एका दुपारी स्क्रिप्ट लिहिली. रोमन अक्षर आलं की त्याच्या जागी देवनागरी अक्षर, थोडे अपवाद, थोडे नियम. संध्याकाळी यादी बाहेर पडली तेव्हा तिच्यात कांबले, गवली, साबले, माली आणि कोली यांची गर्दी होती. चाचणीसाठी मी स्वतःचंही नाव घातलं होतं. आमचं आडनाव काळे. छापून आलं काले.

दुरुस्त करायला बसले तेव्हा लक्षात आलं की हे दुरुस्त होण्यासारखंच नाही. ल आणि ळ या दोघांसाठी रोमनमध्ये एकच 'एल' लिहिला गेला होता. दोन वस्तू एका डब्यात टाकल्या की डब्याकडे बघून कुठली कुठली होती ते सांगता येत नाही. 'माली' लिहिलंय, तो माळी की माली? 'काले' हेही कुणाचं तरी खरंखुरं आडनाव असतंच. शेवटी मी आडनावांची हाताने यादी केली, ती वापरून काम भागवलं आणि विषय सोडून दिला. म्हणजे सोडला असं मला वाटलं. पण डोक्यात एक गोष्ट राहिली: यंत्राला जे कळत नाही ते मला कसं कळतं? फळ मध्ये ळ आणि फूल मध्ये ल, हे मला कुणी शिकवलं? त्यामागे काही नियम आहे की नुसती सवय?

नियम आहे. आणि तो इतका सरळ आहे की तो वाचल्यावर मला शाळेतल्या सगळ्या व्याकरणाच्या पुस्तकांचा राग आला.

संस्कृतात गळ्याला 'गल' म्हणतात आणि गालाला 'गल्ल'. पहिल्यात एक ल, दुसऱ्यात दोन. प्राकृतातून मराठीपर्यंत येताना दोन स्वरांच्या मधे एकटा सापडलेला ल मऊ पडला. जिभेचं टोक दातांच्या मागे टेकायच्या ऐवजी मागे वळून टाळूला ओझरतं लागू लागलं, आणि त्याचा ळ झाला. जोडीने आलेला ल्ल मात्र टिकला. पुढे त्या जोडीतला एक ल गळाला, पण तोवर दुसरा बचावला होता. म्हणून गल चा गळा झाला आणि गल्ल चा गाल.

आता शेजारी शेजारी ठेवून बघा. 'फल' मध्ये एकटा ल, म्हणून फळ. 'फुल्ल' म्हणजे उमललेलं, त्यात दोन ल, म्हणून फूल. 'काल' म्हणजे समय, त्याचा काळ झाला. 'कल्य' म्हणजे पहाट, त्याचं प्राकृतात 'कल्ल' झालं आणि मराठीत काल, म्हणजे आजच्या आधीचा दिवस. 'वेला' ची वेळ झाली आणि 'वल्ली' ची, मधे 'वेल्लि' होऊन, वेल. 'मूल' चं मूळ झालं. 'मूल्य' चं आधी 'मोल्ल' आणि मग मोल. बिल्व, तैल यांनाही प्राकृतात ल ची जोडी मिळाली, म्हणून बेल आणि तेल. जल, बल, माला, शाला, आमलक यांत ल एकटा, म्हणून जळ, बळ, माळ, शाळा, आवळा.

जोडीतला ल गळाला तेव्हा जाता जाता तो मागच्या स्वराला लांब करून गेला. कल्ल मधला ऱ्हस्व अ काल मध्ये आ झाला, गल्ल मधला अ गाल मध्ये आ झाला, फुल्ल मधला उ फूल मध्ये ऊ झाला. गालातला तो 'आ' म्हणजे निघून गेलेल्या ल ची पावती आहे. पंजाबीत हा शेवटचा टप्पा घडलाच नाही. तिथे फुलाला अजून 'फुल्ल' म्हणतात, त्यामुळे जोडीची गोष्ट नुसता पुस्तकी अंदाज नाही. पाहिजे तर अमृतसरच्या बाजारात जाऊन ऐकता येते.

हा नियम एकदा कळला की मराठी वाक्यं निराळीच दिसायला लागतात. गेला, आला, केलं, खाल्लं. आपला सगळा भूतकाळ ल वर उभा आहे, ळ वर नाही. का? दोन स्वरांमधला ल इथेही आहेच की. पण हा प्रत्यय प्राकृतातल्या 'इल्ल' पासून आला असं भाषाशास्त्रज्ञ मानतात, आणि त्यात ल ची जोडी होती. म्हणून आपण 'गेळा' म्हणत नाही. रोज शेकडो वेळा आपण तो दुहेरी ल उच्चारतो, फक्त त्यातला एक कधीच ऐकू येत नाही.

अंकलिपीचं कोडंही इथेच सुटतं. ळ जन्माला येतो तो दोन स्वरांच्या मधे. शब्दाच्या सुरुवातीला ल च्या अलीकडे स्वर नसतो, त्यामुळे तिथे ळ व्हायला जागाच नाही. (फळ, काळ यांत आज तो शेवटी दिसतो, कारण त्याच्या पलीकडचा स्वर आपण आता उच्चारत नाही, पूर्वी उच्चारत होते.) ण ची गोष्टही अशीच. एकट्या न चा ण झाला: पानीय चं पाणी, जन चे जण. जोडी होती तिथे न राहिला: कर्ण चं कण्ण आणि मग कान, पर्ण चं पण्ण आणि मग पान. गंमत अशी की संस्कृतात ज्या कर्णात ण आहे त्याचा मराठीत न झाला आणि ज्या पानीयात न आहे त्याचा ण. म्हणजे अंकलिपीत मागच्या बाकावर बसलेली ती दोन पोरं वर्गात उशिरा आलेली नव्हती, एकाच घरातली होती.

हे काही मी शोधलेलं नाही. फ्रेंच भाषापंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध केला, त्यात हे सगळं शिस्तीत मांडलेलं आहे. शंभर वर्षं उलटून गेली. अंकलिपीच्या मागच्या पानावर चार ओळी छापायला हरकत नव्हती.

नियम म्हटला की अपवाद दाखवणारे भेटतात, आणि मराठीत ते थेट पंढरपूरला नेतात. विठ्ठलात ल एकटा आहे, मग विठ्ठळ का नाही? याचं उत्तर असं की ते नाव मुळात कुठून आलं यावरच अभ्यासकांचं एकमत नाही. ज्याचा उगम ठरलेला नाही त्याला नियमात धरता येत नाही आणि नियमाबाहेरही काढता येत नाही. तो आपला विटेवर उभा आहे.

ळ ची दुसरीही एक वाट आहे आणि ती ड कडून येते. गुड चा गूळ, षोडश चे सोळा, दाडिम चं डाळिंब, तडाग चं तळं. हिंदीत त्याच गुळाला 'गुड़' म्हणतात, म्हणजे त्यांनी ड ला थोडं सैल केलं आणि आपण थोडं जास्त. ड म्हणताना जीभ टाळूला जिथे लागते तिथेच ती ळ म्हणताना लागते; फरक इतकाच की ड ला हवा पूर्ण अडते आणि ळ ला ती जिभेच्या कडेने निसटते. ड आणि ल यांत भेद धरू नये असा संस्कृत कवींमध्ये एक जुना संकेत होता. ड, ल आणि ळ हे पूर्वीपासून एकमेकांच्या घरी न विचारता जाणारे शेजारी आहेत.

ही दुसरी वाट फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या अगदी पहिल्या ऋचेत 'ईळे' हे क्रियापद आहे. धातू 'ईड्', म्हणजे स्तुती करणे. ऋग्वेदाच्या पठणात दोन स्वरांमधल्या ड चा ळ होतो, म्हणून ईडे चं ईळे. लगेच पुढच्या ऋचेत त्याच धातूचा 'ईड्य' हा शब्द येतो. तिथे ड च्या पुढे स्वर नाही, य आहे, त्यामुळे ड तसाच राहतो. दोन ओळींच्या अंतरात नियम आणि नियमाची मर्यादा, दोन्ही. टेस्ट केस लिहावी तर अशी.

आणि तरीही पुढच्या संस्कृतात ळ ला घर मिळालं नाही. पाणिनीच्या व्याकरणाच्या आरंभी जी १४ माहेश्वर सूत्रं आहेत, त्यांत सगळे वर्ण ओवलेले आहेत, ळ नाही. कालिदासाच्या संस्कृतात ळ नाही. पालीत मात्र तो आहे: गुळ, सोळस, दळ्ह. म्हणजे अभिजनांच्या व्याकरणाने दार लावलं तेव्हा तो बुद्धाच्या अनुयायांच्या भाषेत राहत होता.

इथे दोन दावे हमखास ऐकू येतात. एक, मराठीचा ळ वेदातून आला. दोन, मराठीचा ळ कानडीतून आला. पहिला दावा अर्धवट आहे. गूळ आणि ईळे यांत काम करणारी ओढ एकाच जातीची आहे हे खरं, पण फळ-काळ-शाळा यांतला ळ ल पासून झालेला आहे आणि वेदातल्या ळ शी त्याचा संबंध नाही. दुसरा दावा जास्त आकर्षक आहे, कारण कानडी, तेलुगू, मल्याळम, तमिळ या सगळ्यांत ळ आहे आणि तो तिथे मूळचा आहे. पण नकाशा बघा. ळ गुजरातीत आहे, राजस्थानीत आहे, हरियाणवीत आहे, पंजाबीत आहे, ओडियात आहे. पंजाबच्या शेजारी कुठे कानडी आहे? शिवाय उसना घेतलेला आवाज शब्दामागून शब्द येतो, वेडावाकडा पसरतो. गाल आणि गळा यांना इतक्या काटेकोरपणे वेगळं करत नाही. गुजरातीतही फळ आणि फूल, काळ आणि काल अशाच जोड्या आहेत. मला वाटतं, शेजारी कानडी असल्यामुळे आपल्याकडचा ळ टिकायला मदत झाली असेल, पण तो जन्मला आपल्याच घरात.

लेखनात तो कधीपासून दिसतो? तमिळ लिहिण्यासाठी ब्राह्मी वापरली गेली तेव्हा त्या भाषेतल्या जादा आवाजांसाठी वेगळी चिन्हं तयार करावी लागली, त्यांत ळ होता. आपल्याकडे नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. इसवी सनाचं दुसरं शतक. तो तिच्या नातवाच्या राज्यकाळातला आहे आणि त्या नातवाच्या, पुळुमावीच्या, नावात ळ आहे. बऱ्याच पुस्तकांत हे नाव आज 'पुलुमावी' असं छापतात. इंग्रजी पुस्तकावरून मराठीत उतरवताना वाटेत टिंब गळतं आणि सातवाहन राजाचंही माझ्यासारखंच होतं.

जुन्या मराठीत ळ अगदी मोकळेपणाने वावरत होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी एकत्र केल्या, त्या ग्रंथाचं नाव लीळाचरित्र. लीला नव्हे, लीळा. महानुभावांनी पुढे आपले ग्रंथ ज्या सांकेतिक लिपीत लपवले तिचं नावही सकळ लिपी. सकळ, निर्मळ, चंचळ, शीतळ: संस्कृतातून आलेल्या शब्दालासुद्धा घरात घेताना आधी पाय धुवायला लावत.

मग हे थांबलं. फारसी-अरबीतून माल, साल, सवाल, महाल, दलाल आले ते ल घेऊन आले आणि ल घेऊनच राहिले. नियमाची धग तोवर निवली होती. इंग्रजीतून रेल आली, बिल आलं, मोबाइल आला, कुणाचाही ळ झाला नाही. त्यामुळे आज मराठी शब्दात ळ दिसला तर बहुतेक वेळा समजायचं की हा शब्द या घरात फार पूर्वीपासून आहे.

संस्कृत शब्दांनाही लोक नंतर पाय न धुताच घरात घेऊ लागले, विशेषतः छापील मराठीच्या काळात. त्यामुळे एकच शब्द दोनदा दिसतो, एकदा चुलीपाशी आणि एकदा व्यासपीठावर. मंगल कार्यालयात मंगलाष्टकं म्हणतात आणि मग मंगळसूत्र बांधतात. फळ आपण खातो, उपासाला त्याचा फलाहार होतो. मुलं शाळेत जातात, त्यांचा गणवेश शालेय. कुळाचा आचार तो कुळाचार, विद्यापीठात गेलं की कुलगुरू. फळ्यावर खडूने लिहितात, रस्त्यावर फलक लागतो. काळ सरतो, कालखंड अभ्यासतात. मूळ प्रश्न आणि मूलभूत प्रश्न यांत दुसरा जास्त गंभीर वाटतो, पण मूळव्याधीला मूलव्याध म्हणून कुणी तिचा मान वाढवत नाही. माझ्या आजीच्या पिढीत कमळा, मंगळा होत्या. आत्यांच्या पिढीत कमल, मंगल झाल्या. माझ्या वर्गात शीतल आणि कोमल होत्या. शीतळ नावाची मुलगी मी पाहिलेली नाही. ळ थोडा गावंढळ ठरला. (या शब्दातही तो आहेच.)

याची दुसरी बाजू जास्त कडवट आहे. ज्यांच्या बोलीत ळ नाही त्यांना याच ळ वरून हसतात. आगरी-कोळी बोलीत डोळ्याचा डोला होतो आणि नारळाचा नारल. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, कळलं चं कयलं होतं. इंजिनिअरिंगला हॉस्टेलवर विदर्भातल्या मुलीने 'कयलं नाही' म्हटलं की खोलीत हशा व्हायचा, आणि हसणाऱ्यांत मीही होते. तेव्हा माहीत नव्हतं की वऱ्हाडी बोलीने ळ चा आवाज सोडला तरी भेद सोडलेला नाही. गळ्याचा 'गया' झाला, गालाचा गाल च राहिला. ल ला य होत नाही, फक्त ळ ला होतो. प्राकृतातला एकटा ल आणि जोडीचा ल हे तिच्या बोलण्यात तितकेच वेगळे होते जितके माझ्या. तिच्या बोलीने फक्त एन्कोडिंग बदललं होतं, माहिती जशीच्या तशी होती. माझ्या स्क्रिप्टला हे जमलं नव्हतं.

माहिती गेली ती रोमनमध्ये. आणि त्यात रोमन लिपीचा फारसा दोष नाही. गोव्यात रोमन लिपीतल्या कोंकणीत ळ साठी दोन 'एल' लिहितात. एक 'एल' म्हणजे ल, दोन म्हणजे ळ, संपलं. गोव्यात वेल आणि वेळ रोमनमध्येही वेगळे दिसतात. तमिळनाडूत त्यांच्या तिसऱ्या, आणखी मागे वळणाऱ्या आवाजासाठी 'झेड-एच' अशी जोडी वापरतात. खुद्द तमिळ या शब्दाच्या शेवटी तोच आवाज आहे, आपण त्याला ळ वर भागवतो. विद्वानांनी 'एल' खाली टिंब दिलं, पण ते टिंब पासपोर्टवर येत नाही. आपल्या इंग्रजी कागदपत्रांनी एका 'एल' ची सवय लावली, ती आपणही मोडली नाही, आणि टिळक, परळ, वरळी, धुळे सगळे त्या एका दारातून गेले.

पलीकडून परत देवनागरीत येताना ते बदलून आले. परळच्या फलाटावरच्या पाटीवर नाव देवनागरीत दोनदा असतं, मराठीसाठी परळ आणि हिंदीसाठी परेल. हिंदी बातमीत वर्ली असतं, धुले असतं. बाळ गंगाधर टिळक हिंदीत बाल गंगाधर तिलक होतात. याबद्दल हिंदीवर चिडणाऱ्यांपैकी मी नाही. प्रमाण हिंदीत तो आवाज नाही, त्यांनी आपल्या सोयीने लिहिलं. आपण तरी तमिळच्या शेवटी काय करतो? प्रश्न मराठी कागदावरच्या मराठी नावाचा आहे. ते नाव आधी इंग्रजीत टाइप होतं, मग एखादी माझ्यासारखी कुणीतरी एका दुपारी लिहिलेली स्क्रिप्ट ते मराठीत आणते.

खरं तर संगणकात ळ ची व्यवस्था उत्तम आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. भारतीय लिप्यांसाठी तिने भारतातच तयार झालेल्या मानकाची १९८८ ची आवृत्ती पायाला घेतली, आणि त्या मानकात सगळ्या लिप्यांचे तक्ते एकमेकांवर ठेवले तर जुळतील अशी रचना होती. देवनागरीचा ळ ०९३३ वर आहे. गुरुमुखीचा ०ए३३, ओडियाचा ०बी३३, तेलुगूचा ०सी३३, मल्याळमचा ०डी३३. गुजराती, तमिळ, कानडी यांचे ळ ही आपापल्या तक्त्यात नेमके त्याच चौकटीत. बंगालीत ळ नाही, म्हणून तिच्या तक्त्यातली ती जागा, ०९बी३, आजही रिकामी आहे. एका आवाजाचा हा भारतभराचा नकाशा मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा लॅपटॉप बंद करून थोडा वेळ बसून राहिले होते.

एक खोच मात्र आहे. या तक्त्यात ळ ल च्या लगेच पुढे बसवलाय. मराठी वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो, गुजराती आणि कानडीतही. संस्कृत वर्णमालेत त्याला जागा नव्हती म्हणून रांगेच्या शेवटी उभा केला असणार. परिणामी नुसत्या क्रमांकांवरून यादी लावली तर काळ कावळ्याच्या आधी येतो, आणि मराठी कोशाच्या हिशेबाने तो काहूरच्या नंतर यायला हवा. मराठीसाठी क्रमाचा वेगळा नियम लावला की हे सुटतं. लावायची आठवण कुणाला होत नाही, एवढंच. कीबोर्डवरही तो आहे. सरकारी कचेऱ्यांत चालणाऱ्या इनस्क्रिप्ट मांडणीत इंग्रजी 'एन' च्या कळीवर ल आहे आणि शिफ्ट धरून तीच कळ दाबली की ळ. एका बोटाचं काम.

गेल्या वर्षी आजोबा गेले. शेतीच्या वारसनोंदीसाठी आम्ही कागद गोळा केले. जुन्या, हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर आडनाव काळे होतं, बाकदार, शाईने, त्या ळ चे दोन्ही वेढे भरगच्च. ओळखपत्रावर काले होतं. कार्यालयात सांगितलं की ही दोन वेगळी नावं आहेत, दोन्ही एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. त्यांचंही चूक नव्हतं. गाल आणि गळा एक नसतात हे मीच दोन वर्षं सगळ्यांना सांगत होते. आजीला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, पण काले म्हणजे कोण?"

आवारातल्या झाडाखाली टायपिंग करून देणारे काका बसतात. पूर्वी टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आणि प्रिंटर. मी त्यांना मजकूर सांगितला, काळे आणि काले ही एकाच व्यक्तीची आडनावे आहेत. त्यांनी मान हलवली, भराभर टाइप केलं, स्टॅम्प पेपर प्रिंटरमध्ये घातला, आणि कागद माझ्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं: काले आणि काले ही एकाच व्यक्तीची आडनावे आहेत.

"काका," मी म्हटलं, "पहिला ळ पाहिजे. शिफ्ट धरून."

त्यांनी चष्मा वर केला, कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नवीन स्टॅम्प लागेल," ते म्हणाले.